उद्याच्या भावाचं जेवण

पालीला बल्लाळेश्वराच्या देवळाजवळ माझ्या काकूची खानावळ आहे. तिच्या वह्या संगणकावर चढवायचं काम मी कुणीही न सांगता अंगावर घेतलं. घरात मी 'कॉम्प्युटरवाला' म्हणून ओळखला जातो; ती ओळख टिकवणं भाग होतं.

वह्या दोन. एकीत रोजची बिलं: तारीख आणि ताटं. दुसरीत थाळीचा भाव, पण काकू तो बदलला तरच लिहिते. माघी उत्सवाच्या तोंडावर वाढतो, पावसाळ्यात गिऱ्हाईक आटलं की उतरतो.

मी तारखेला तारीख जोडली. भाव बदलला त्या दिवसांचीच बिलं जुळली. उरलेलं वर्ष काकूने अन्नछत्र चालवलं, असा हिशेब निघाला. मग संगणकाला सांगितलं, सगळ्यांत जवळची तारीख घे. तो बापडा हुकमाचा ताबेदार. उत्सवाच्या आदल्या दिवशी जेवलेल्यांना त्याने उत्सवाचा भाव लावला, कारण उद्या जवळ होता.

"आज जेवला त्याच्याकडून उद्याचे पैसे?" काकू कडाडली. "देवाच्या दारात बसलोय रे आपण!"

म्हणून अट घातली: भावाची तारीख बिलाच्या तारखेची किंवा तिच्या आधीची हवी, अशा तारखा उलट्या क्रमाने लावायच्या आणि पहिलीच ओळ उचलायची. तरी गोंधळ! तारखा मी अक्षरं म्हणून भरल्या होत्या, त्यामुळे '10/01' हा '09/02' च्या पुढे जाऊन बसला. जानेवारीने फेब्रुवारीला मागे टाकलं.

काकू तांदूळ निवडत ऐकत होती. "एवढं काय त्यात? पंचांगात सूर्योदयाला चालू असेल ती तिथी त्या दिवसाची. संकष्टीला चंद्रोदयाची बघायची. काल लागलेली चालते, अजून लागायची असलेली नाही."

माझी पदवी भिंतीवर आहे. पंचांग तिच्याच खाली, खिळ्याला.

शेवटी सगळं जुळलं. फक्त सर्वांत जुन्या बिलांपुढे भाव कोराच राहिला. त्यांच्या आधीची भावाची नोंदच नव्हती. मी म्हटलं, "काकू, इथे काय भरू?"

"राहू दे कोरं. तेव्हा गल्ल्यावर तुझे काका बसायचे. त्यांनी पैसे घेतले असतील, असं मला तरी वाटत नाही."