पांढरी पाचची शर्यत

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचा एकही ट्रॅक नाही. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाल्यापासून या जिल्ह्याने पुष्कळ गोष्टी मागितल्या, त्यातल्या काही मिळाल्या, काहींचं नुसतं भूमिपूजन झालं. ट्रॅक मात्र कुणी मागितल्याचंही ऐकिवात नाही. सरळ, सपाट आणि सलग अशी जागा शोधायचीच तर ती चिपीच्या सड्यावर सापडते, अडीच हजार मीटरची, पण तिथे २०२१पासून विमानतळ आहे. बाकीचा जिल्हा म्हणजे वळणं, घाटी आणि व्हाळ. तेव्हा घरात वडिलांची पेटी आणि स्वतःची हप्त्यावर घेतलेली गिटार असलेला एखादा हौशी मालवणी गायक मोटारींच्या शर्यतीवर रॉक गाणं लिहायला बसलाच, तर वाडीतला पहिला प्रश्न ठरलेला: "शर्यत खंय बघलंस रे?" प्रश्न रास्त आहे, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. शर्यत पाहिल्याशिवाय शर्यतीचं गाणं होत नाही आणि वेग अनुभवल्याशिवाय वेगाचं होत नाही, ही ती समजूत. प्रत्यक्षात शर्यतीचं गाणं अडवणुकीतून जन्माला येतं. वेग मुबलक असलेल्या ठिकाणी ते सुचत नाही. पुढे जायचंय आणि जाता येत नाही अशा ठिकाणी सुचतं. या हिशेबाने मराठीतलं पहिलं बरं शर्यतगीत लिहायला कसाल ते मालवण या रस्त्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

परदेशातला पुरावा आधी घेऊ, कारण आपल्याकडे तोच लवकर पटतो. डीप पर्पलचं 'हायवे स्टार' हे रॉकमधल्या भरधाव गाण्यांत वरच्या नंबरात मोडतं. १९७१ साली पोर्ट्समथच्या कार्यक्रमाला निघालेल्या बसमध्ये एका पत्रकाराने तुम्ही गाणी कशी करता असं विचारलं आणि उत्तरादाखल हे गाणं तिथल्या तिथे आकाराला आलं. म्हणजे भरधाव मोटारीचं गाणं बसमधल्या उतारूंनी केलं, स्टिअरिंग तिसऱ्याच माणसाच्या हातात असताना. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन शर्यतींचा अस्सल नादी होता. त्याने १९७९ साली 'फास्टर' केलं, नावही शर्यतीतला ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट याच्या पुस्तकावरून घेतलं, पण खऱ्या मोटारींचा आवाज भरूनही मजकुरात यंत्रापेक्षा माणूसच जास्त ठेवला. क्राफ्टवर्कचं 'ऑटोबान' हे महामार्गाचं गाणं बावीस मिनिटं चालतं, आणि इतक्या निवांतपणे की तेवढ्यात कुडाळहून निघालेला माणूस सावंतवाडीच्या आसपास पोचतो. सगळ्यांवर कडी 'द चेन'ची. फ्लीटवुड मॅकचं हे गाणं १९७७ साली आलं, केलं ते बँडमधल्या मंडळींचे संसार मोडत असताना; त्यात मोटार औषधालाही नाही. तरी बीबीसीने १९७८पासून त्यातला शेवटचा बासचा तुकडा फॉर्म्युला वनच्या प्रक्षेपणाला लावला आणि आज निम्म्या जगाला तीच शर्यतीची धून वाटते. उलट खरे ड्रायव्हर कधी वाजवतात? एलिओ द आंजेलिस हा उत्तम पियानो वाजवणारा फॉर्म्युला वन ड्रायव्हर. १९८२ साली दक्षिण आफ्रिकेत ड्रायव्हरांनी संप केला, जवळजवळ सगळे जोहान्सबर्गच्या हॉटेलात एका खोलीत अडकून बसले, तेव्हा त्याने पियानो वाजवून सगळ्यांचं मन रमवलं. शर्यत थांबली, मग संगीत सुरू झालं.

अडकण्याचा अभ्यास करायचा तर मुंबई-गोवा महामार्गाएवढं मोठं विद्यापीठ नाही. फ्रान्समध्ये ल मां इथे १९२३पासून चोवीस तासांची शर्यत होते. ड्रायव्हर आळीपाळीने बदलतात, गाडी तीच राहते. २०१० साली ऑडीच्या गाडीने तेवढ्या वेळात ५,४१० किलोमीटर काढले. गणपतीच्या आदल्या दिवशी पनवेल सोडणारा चाकरमानीही असाच, मेहुण्याच्या हाती आळीपाळीने गाडी देत, मागच्या सीटवर मखर आणि त्याखाली दोन मुलं ठेवून, रात्रभर चालवत राहतो. वेळेत म्हणाल तर तो ल मांच्या फार मागे नसतो. किलोमीटर पाचशेच्या आसपास होतात, एवढाच फरक. खारेपाटणला सिंधुदुर्गात शिरल्यावर रस्ता एकदम चौपदरी आणि गुळगुळीत होतो, पण तोवर चालवणाऱ्याचे डोळे मिटायला लागलेले असतात. अशा वेळी कसालच्या तिठ्यावर उजवीकडे वळण येतं, हे त्याचं भाग्य. इथून मालवणपर्यंतचे तीस-पस्तीस किलोमीटर झोपू देत नाहीत. कट्टा, चौके, कुंभारमाठ अशी गावं येतात, दर गावात एसटी थांबते, तिच्यामागे सगळे थांबतात. मध्येच पुढच्या रिक्षावाल्याला समोरून येणारा ओळखीचा भेटतो आणि दोन्ही वाहनं रस्त्याच्या मधोमध शेजारी शेजारी उभी राहतात. "कधी इलंस?" "काल राती. वांगडा आवस पण इली हा." मागचा हॉर्न वाजवत नाही, कारण ही आवस, म्हणजे आई, त्याचीही मावशी लागत असते.

यावर ट्रॅकवाले हसतील. त्यांनी मोनॅकोकडे पाहावं. १९२९पासून चालत आलेली ही शर्यत फॉर्म्युला वनमधली सगळ्यात मानाची आणि सगळ्यात संथ. बंदराला लागून असलेल्या गावाचे अरुंद रस्ते, त्यातला एक फेरा अवघा ३.३३७ किलोमीटरचा, एका वळणावर तर गाड्या आपल्या स्कूटरच्या वेगाला येतात, आणि पुढच्याला ओलांडणं जवळपास अशक्य. इतर शर्यतींना किमान ३०५ किलोमीटरचं अंतर लागतं; मोनॅकोला सवलत देऊन २६०वर भागवतात, कारण पूर्ण अंतर द्यायचं म्हटलं तर शर्यत वेळेत आटपायची नाही. आता मालवणात देऊळवाड्याकडून भरड नाक्यावर या, तिथून फोवकांडा पिंपळ, पुढे बाजारपेठ आणि शेवटी बंदर जेटी. हाही बंदराला लागून असलेला गाव, हेही अरुंद रस्ते, इथेही पुढच्याला ओलांडणं अशक्य. फरक असेलच तर एवढाच की मोनॅकोच्या बंदरात श्रीमंतांच्या बोटी उभ्या असतात आणि मालवणच्या समोर १६६४ साली पाया घातलेला जलदुर्ग. ज्या शर्यतीत ओलांडता येत नाही तीच जगात सगळ्यात नावाजलेली असेल, तर मालवणच्या गायकाला साहित्याची कमतरता सांगणं हा केवळ अन्याय आहे.

पण नुसतं साहित्य असून भागत नाही, घाट लागतो, आणि इथे सिंधुदुर्गाची बाजू खरोखर भक्कम आहे. शर्यत संगीतात कशी बसवायची हा प्रश्न या जिल्ह्याने डबलबारीच्या रूपाने कधीच सोडवलाय. दोन बुवा, दोन प्रासादिक भजन मंडळं, फलकावर 'जंगी सामना' असं ठळक अक्षरांत. एका बुवाने आपल्या बारीत प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याला उत्तर देऊन वर आपला एक टाकायचा. क्रिकेटची लाट आल्यावर 'ट्वेंटी-ट्वेंटी' डबलबारीचे फलकही लागले, तेव्हा मोटारशर्यतीलाच कोण हरकत घेणार? आणि या बुवांपैकी बहुतेक जण हौशीच. दिवसा नोकरी, रिक्षा किंवा बागायत, रात्री पेटी. त्यांच्या भजनाचा गजर कसा चालतो ते ऐकण्यासारखं असतं. सुरुवात संथ, मग पखवाज आणि झांजा लय वाढवत नेतात, कोरसवाले अंगात आल्यासारखे डोलू लागतात, आणि वेग अगदी शिगेला पोचला की बुवा हात वर करतो नि सगळं एकाच ठोक्यावर थांबतं. टाळ्या त्या थांबण्याला पडतात. आता शर्यतीचं तंत्र पाहा. सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या जोरात धावतात, त्यात कसब थोडं. एक गाडी दुसरीला ओलांडते ती बहुतेक वेळा वळणाच्या तोंडाशी, ब्रेक लावताना: जो उशिरा दाबतो आणि तरी वळणात राहतो तो पुढे जातो. पखवाजीही याहून वेगळं काय करतो? शर्यतीचं गाणं डबलबारीत बसवायचं म्हणजे गाडीचा ढाचा बदलायचा, इंजिन मूळचंच ठेवायचं. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकचा ठेका चार-चारांत चालणारा. हिशेब तंतोतंत जुळतो. एक बारी कसालच्या ड्रायव्हरची, दुसरी मालवणच्याची, कडव्याकडव्यात चिमटे, आणि ओलांडण्याची एकमेव संधी शेवटच्या गजरात.

रॉक आपल्या मातीतलं नाही, हा आक्षेप येणार. पेटी तरी कुठे आपल्या मातीतली? ती एकोणिसाव्या शतकात पॅरिसात जन्मली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. सिंधुदुर्गातल्या बुवांनी आणि दशावतारी मंडळींनी या बंदीची दखल घेतल्याचं दिसत नाही. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या बँडने अभंग इलेक्ट्रिक गिटारवर घेतले, विठोबाने तक्रार केली नाही. शिवाय आकाशवाणीची पेटीवरची मुख्य तक्रार आपल्या गायकाच्या उपयोगाची आहे. तक्रार अशी की पेटीतून मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पायरी पायरीनेच जावं लागतं. मोटारीचा आवाज मात्र निव्वळ मींड असतो. गिअर टाकला की सूर चढत जातो, दुसरा टाकला की खाली घसरून पुन्हा चढतो, आणि गाडी समोरून सूंऽऽ करून निघून गेली की जाता जाता उतरतो. हे काम गिटारच्या तारेवर बोट ताणून किंवा सरकवून होतं, पेटीवर जन्मात होत नाही. तेव्हा हप्त्यावरची गिटार ही चैन म्हणता येत नाही, तांत्रिक गरज आहे. हे गायकाने घरात सांगून पाहावं.

आता पट्टी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर नेलं, म्हणजे हौशी शर्यतीत नेतात तसं, तर त्यात सेकंदाला दोनशे स्फोट होतात. हा सूर पेटीवर मंद्र सप्तकातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ बसतो. आता सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन असलेली एसटी बस घ्या, कुंभारमाठच्या चढावर मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी कण्हत चाललेली. तिचे स्फोट सेकंदाला शंभर. म्हणजे तोच सूर, पांढरी पाच, फक्त एक सप्तक खाली. शर्यतीची गाडी आणि लाल डबा एकाच सुरात गातात, हे गणित कुठल्याही बारावी शास्त्रवाल्याने पडताळून पाहावं. एसटीवर मालवणात आजवर जेवढं बोललं गेलंय, त्यात हे कौतुक बहुधा राहून गेलं असेल.

मोटारीऐवजी बैलांवर गाणं करा, असं सुचवणारे भेटतील. बैलगाडा शर्यत हा घाटावरचा विषय. २०१४ साली बंदी, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाकडून मान्यता, एवढ्या काळात तिकडच्या मंडळींनी त्यावर पुरेशी गाणी केली आहेत. मालवणी बैल पावसाळ्यात चिखलातल्या नांगरणी स्पर्धेत धावतो, त्याला डांबरावर ओढू नये. याहून गंभीर आक्षेप आहे तो वेगाच्या उदात्तीकरणाचा. आधीच महामार्गावर पोरं गाड्या उडवतात, त्यात ढोल-गिटार लावून त्यांना चेव कशाला आणायचा? हा आक्षेप टोलवण्यासारखा नाही. पण ब्रेक हा नायक असलेलं, शेवटच्या ठोक्यावर थांबून टाळी घेणारं गाणं पोराच्या कानात बसलं तर ते त्याला नेमकं काय शिकवील याचाही विचार व्हावा. सरकारी फलकावरच्या 'वेग आवरा'पेक्षा पखवाजाची सम जास्त लोक ऐकतात. राहिला प्रश्न हौशी माणसाने एवढ्या मोठ्या विषयाला हात घालावा का, हा. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८०मध्ये रंगभूमीवर आलं आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. त्यातली हौशी नाटकमंडळी तर महाभारताला हात घालतात, आणि तेही नट वेळेवर न येता.

तेव्हा जो कुणी हे गाणं करणार असेल त्याने यूट्यूबवर मोनॅकोच्या शर्यती बघत रात्री जागवू नयेत. कसालच्या तिठ्यावरून मालवणची एसटी पकडावी, तिकीट काढावं, आणि शक्यतो ड्रायव्हरच्या मागची जागा धरावी. जुन्या गाड्यांत इंजिन तिथेच शेजारी असतं.