आवाज फाडून फाइलीत भरण्याची शास्त्रोक्त पद्धत

कोड लिहून आवाज तयार करणे आता कोणालाही जमते. पायथनमधली नमपाय ही लायब्ररी घ्यावी, दहा-बारा ओळी खरडाव्यात, की तानपुरा वाजू लागतो. पण तोच तानपुरा फाइलीत सेव्ह होताना असा फाटावा की शेजाऱ्यांनी येऊन दार वाजवावे, याला मात्र अभ्यास लागतो. सदर मार्गदर्शन त्या अभ्यासूंसाठी आहे. ज्यांना स्वच्छ आवाजाची हौस आहे त्यांनी मधूनमधून दिलेल्या धोक्याच्या सूचनाच तेवढ्या वाचाव्यात.

साहित्य: तानपुऱ्याच्या चार तारा. एक पंचमाची, दोन जोडाच्या, एक खर्जाची. प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र ॲरे करावा आणि तिचा जोर ०.८ ठेवावा. फ्लोटमधल्या आवाजाची हद्द उणे १ ते अधिक १ अशी ठरलेली आहे, तेव्हा ०.८ म्हणजे अगदी सभ्य, घरंदाज आकडा. कोणी बोट ठेवणार नाही. आता चारही तारा एकमेकींत मिसळाव्यात, कारण तानपुऱ्यात एक तार विझण्याआधीच दुसरी छेडली जाते. चौघींचे माथे एखाद्या क्षणी जुळले की बेरीज ३.२. तरीही घाबरू नये. फ्लोटच्या राज्यात ३.२ काय आणि ३२० काय, सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. हद्दीची आठवण कोणालाच नसते. पंचनामा होतो तो फाइल लिहिताना.

धोका: काही अतिशहाणे इथेच प्रत्येक तार ४ ने भागून मोकळे होतात. मग बेरीज ०.८ च्या वर जातच नाही आणि पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

फाइल १६ बिटची करावी. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीनेही हेच माप घेतले होते, त्यामुळे परंपराही जपली जाते. या मापात एका सॅम्पलला उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ एवढीच जागा मिळते. हद्दीबाहेर गेलेल्या सॅम्पलचे काय करायचे, यावरून आपल्या संप्रदायात दोन पंथ आहेत. पहिला छाटणी पंथ. जे हद्दीच्या वर गेले ते हद्दीवर आणून बसवायचे. लाटेचा गोल माथा सपाट होतो आणि आवाजाला कर्कश धार चढते. साउंडफाइल ही लायब्ररी हे काम मुकाट्याने करते, एका शब्दाने विचारत नाही. मॅटलॅबचे ऑडिओराइट मात्र चुगलखोर आहे. छाटतेही आणि वर छाटल्याची सूचनाही देते. अशा सूचना न वाचता स्क्रीन पुसण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरा पंथ उलटापालटीचा, आणि माझे मत विचाराल तर खरा रंग इथेच आहे. इथे छाटायचे नाही. आकडा सरळ १६ बिटच्या पूर्णांकात कोंबायचा. गच्चीपर्यंत जिना चढलेल्या माणसाने आणखी एक पायरी टाकावी आणि थेट तळघरात उतरावे, तसे ३२७६७ च्या पुढचे पाऊल उणे ३२७६८ वर पडते. १६ बिटच्या दोन ॲरेंमध्ये २०००० अधिक २०००० केले, तर नमपाय हूं की चूं न करता उणे २५५३६ हे उत्तर देते. स्पीकरचा पडदा पार पुढे असताना त्याला त्याच क्षणी पार मागे जा असा हुकूम मिळतो. ऐकणाऱ्याला जे मिळते त्याला आवाज म्हणणे कठीण आहे. ‘तड’ म्हणता येईल.

नवशिक्यांची एक गल्लत इथेच सांगून टाकतो. ३२७६७ ने गुणायचे विसरून ०.८ चा थेट पूर्णांक केला, तर तो शून्य होतो आणि फाइल जवळजवळ मुकी निघते. ते फाटणे नव्हे. त्याचे गुण मिळणार नाहीत.

झालेला आवाज एखाद्या गाणाऱ्याने ऐकला आणि भुवया उंचावल्या, तर ‘ही जवारी आहे’ असे ठणकावून सांगावे. जवारीतही भरपूर वरचे स्वर उमटतात आणि माथा छाटल्यावरही उमटतात, तेव्हा पहिल्या दिवशी हे खपून जाते. पण मिरजेचा कारागीर घोडी घासून आणि तारेखाली दोरा सरकवून जी जवारी काढतो, तिच्यातले स्वर मूळ षड्‌जाशी नाते राखून असतात. आपले तसे नाही. सेकंदाला ४४१०० सॅम्पल घेणाऱ्या फाइलीत २२०५० हर्ट्‌झच्या वर कोणालाही जागा नाही. छाटणीतून जन्मलेले त्याहून उंच स्वर तिथून परत फिरतात आणि खाली येऊन भलत्याच ठिकाणी बसतात, जिथे ना सा, ना पा, ना कुठली श्रुती. कान तयार असलेला माणूस दुसऱ्या दिवशी हे ओळखतोच. त्याला दुसऱ्या दिवशी बोलावू नये.

पारख नेहमी ज्युपिटर नोटबुकातच करावी. तिथल्या ऑडिओच्या खिडकीला ॲरे दिला की ती आपणहून सगळ्यांत मोठ्या सॅम्पलने भागून मगच वाजवते. त्यामुळे ३.२ पर्यंत उसळलेला तानपुराही तिथे मधाळ वाजतो. आपण समाधानाने मान डोलावतो, तोच ॲरे फाइलीत ओततो आणि मेलला जोडून पाठवून देतो. पाठवण्यापूर्वी सेव्ह झालेली फाइल उघडून ऐकणे हा या शास्त्रात मोठा अपशकुन समजला जातो.

सहकारी फारच मागे लागले आणि ‘अरे, नॉर्मलाइज कर’ म्हणू लागले, तर जरूर करावे. पण रीतीने. एक रीत म्हणजे आधी १६ बिटचे पूर्णांक करून मग सर्वोच्च टोक शोधणे. तोवर फाटायचे ते फाटून गेलेले असते. शिवाय १६ बिटमध्ये उणे ३२७६८ चे निरपेक्ष मूल्य विचारले तर नमपाय पुन्हा उणे ३२७६८ च सांगते, कारण अधिक ३२७६८ ला घरच नाही. म्हणजे सगळ्यांत गुन्हेगार सॅम्पल तपासणीतून सहीसलामत सुटते. दुसरी रीत तुकड्यातुकड्याने नॉर्मलाइज करण्याची. लांब रेकॉर्डिंगचे दहा-दहा सेकंदांचे भाग पाडून प्रत्येकाला त्याच्याच टोकाने भागावे, म्हणजे कुजबूज आणि आरोळी एकाच जोराची होते आणि प्रत्येक सांध्यावर आवाज दचकतो. निव्वळ शांततेचा तुकडा आला तर शून्याला शून्याने भाग जातो. तेही बघण्यासारखे असते.

आता सगळ्यांत मोठा धोका. ही कृती चुकूनही कोणाच्या हाती लागू नये म्हणून एका दमात सांगतो: मिसळणे, फिल्टर, रिसॅम्पलिंग हे सगळे फ्लोटमध्येच उरकायचे, कारण रिसॅम्पलिंगनेही टोके पुन्हा वर उसळतात, मग अगदी शेवटी संपूर्ण सिग्नलचे निरपेक्ष टोक एकदाच काढायचे, ते शून्य नसेल तर त्याने भागून ०.८९ ने, म्हणजे साधारण १ डेसिबल खाली येईल असे गुणायचे. मग ३२७६७ ने गुणून, जवळच्या पूर्णांकात आणून, तेव्हाच १६ बिटमध्ये बदलायचे. ते १ डेसिबल कंजूषपणा म्हणून सोडायचे नसते. दोन सॅम्पलच्या मधली लाट सॅम्पलपेक्षा उंच असू शकते आणि एमपीथ्री केल्यावर टोके आणखी सरकतात. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या आर १२८ या शिफारशीतही उणे १ हीच वरची मर्यादा आहे. एवढे सगळे कोणी केले, तर आवाज फाटण्याचा मार्ग कायमचा बंद होतो.

तरीही कोणी नावे ठेवलीच, तर थोरांचा दाखला द्यावा. मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका चढवून छापला होता की ठिकठिकाणी आवाज फाटतो, आणि तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये जास्त स्वच्छ ऐकू येतात, अशी तक्रार खुद्द चाहत्यांनी केली. अल्बम खपायचा तो खपलाच.

शेवटचे काम न विसरता करावे. ३२ बिट फ्लोटमधली मूळ फाइल डिस्कवर कुठे शिल्लक नाही ना, ते बघावे. १६ बिटमध्ये छाटलेला माथा परत आणता येत नाही, दुरुस्तीचे सॉफ्टवेअर तिथे फक्त अंदाज बांधते. पण फ्लोटच्या फाइलीत ३.२ हा आकडा जसाच्या तसा बसलेला असतो, आणि ती कोणाच्या हाती लागली तर एका भागाकारात तानपुरा पुन्हा सुरात वाजू लागतो.