त्याले काय लागस!

खान्देशात घरातली वस्तू बिघडली की कारागिराच्या आधी नाना पोहोचतात. बोलावलेलं नसलं तरी. नोकरीतून ते निवृत्त झालेले असतात, पेचकसातून नाही. कूलरचा पंप, मिक्सर, नातवाची सायकल, काहीही पुढे करा, उत्तर ठरलेलं: "त्याले काय लागस!" असा एक नाना जळगावच्या प्रत्येक कॉलनीत असतो. आमच्याकडचे मूळचे पारोळ्याकडचे. गोलाणी मार्केटमधून आणलेला पेचकसांचा डबा त्यांच्या पिशवीत कायम, लग्नाला जातानाही.

त्यांचे साडू धुळ्याला देवपुरात राहतात. त्यांच्याकडे जुनी फोर्ड फिएस्टा आहे. कंपनीनं भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून साडू गाडीत बसण्याआधी चपलासुद्धा झटकतात. दोनपैकी एक चावी अमळनेरच्या एका लग्नात हरवली. नवी करायची तर गाडीचं आरसी, ओळखपत्र, हरवल्याची पोलिसांत दिलेली तक्रार आणि वर काही हजार रुपये. साडू कागद गोळा करायला लागले आणि ही बातमी जळगावात नानांच्या कानी गेली. "चावी म्हंजे काय? पत्रा आनि सेल!" असं म्हणून त्यांनी ऑनलाइन कोरी चावी मागवली, छत्रीखालच्या चावीवाल्याकडून दाते कापून घेतले आणि धुळ्याची एसटी धरली.

इथं थोडं तंत्र सांगायला हवं, कारण नाना ते सांगत नाहीत. चावीच्या डोक्यात दोन वेगळे जीव असतात. एक रिमोट. त्याला बटणासारखा सेल लागतो आणि तो दारं उघडतो, लावतो. दुसरी तांदळाच्या दाण्याएवढी चिप. तिला सेल नसतो. चावी कुलपात घातली की भोवतालचं कडं तिला वीज देतं, तिचा क्रमांक वाचतं, आणि तो ओळखीचा नसेल तर इंजिन चालू होऊ देत नाही. चोरांवरचा हा उपाय युरोपात नव्या मोटारींना १९९८ पासून सक्तीचा झाला. काही जुन्या फोर्ड गाड्यांना नवी चिप घरीही शिकवता येते, मात्र आधी ओळखीच्या दोन चाव्या एकामागून एक फिरवाव्या लागतात, मग तिसरी. पतपेढीत कर्जाला दोन जामीन लागतात, तसंच हे. साडूंकडे जामीन एकच उरला होता. रिमोटला मात्र जामीन लागत नाही: चावी भराभर चारदा फिरवायची, गाडी टिंग करते, मग नव्या रिमोटचं बटण दाबायचं.

नानांनी व्हिडिओ बघितला तो रिमोटचा. तोही पुढे ढकलत ढकलत.

मे महिना, दुपार. दारं बंद ठेवायची, एवढं नानांच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून नाना, साडू, साडूंचा मुलगा आणि विनाकारण आलेले शेजारी असे चौघं बंद गाडीत बसले. एसी बंद. "नाना, आपण चावीवाल्याकडंच गेलो असतो," साडू घाम पुसत म्हणाले. "तुम्ही फक्त बठा, अण्णा." नानांनी चावी फिरवली. टिंग झालं. "आयकं का?" नाना ओरडले. ते टिंग शेजाऱ्यांनी दार किलकिलं केल्याचं होतं. शेजाऱ्यांना बाहेर काढलं. नाना मोजताना तिनावरून पाचावर जात होते, म्हणून मोजणी मुलाकडे दिली. मग खरं टिंग झालं. नानांनी बटण दाबलं, खाली उतरले, दार लावलं, पुन्हा दाबलं. चारी दारं खटकन बंद! गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, मावशींनी सरबत आणलं. नानांनी दारं इतक्या वेळा उघडली-लावली की रिक्षावाले थांबून बघू लागले.

मग साडूंनी नव्या चावीनं गाडी सुरू करून बघितली. इंजिन हूं की चूं नाही. जुन्या चावीनं लगेच सुरू झालं. पण जुन्या चावीचा रिमोट आता मेला होता. या गाड्यांत नवा रिमोट शिकवताना जुनाही त्याच बैठकीत पुन्हा शिकवावा लागतो, नाहीतर गाडी त्याला विसरते. हे व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं, आणि शेवटपर्यंत बघणं हा नानांना कमीपणा वाटतो.

त्यानंतर साडू नव्या चावीनं दार उघडायचे आणि जुनीनं गाडी चालवायचे. पूर्वी खिशात एक चावी असायची, आता दोन. त्यांनी कुरकुर केली तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "मी सांगेल व्हतं ना, दोन चाव्या करी देस?"

पुढच्या आठवड्यात एक चावीवाला लॅपटॉप घेऊन आला, तार जोडली आणि दोन्ही चाव्या दोन्ही कामांसाठी शिकवून गेला. नानांचा निकाल: "बठ्ठं तं मीच करेल व्हतं. त्यानी नुसतं बटन दाबं."

तुमच्याकडे दोन्ही मूळ चाव्या शाबूत असतील, तर जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीही त्या दोन्ही मागते. तिसरी हवी असेल तर हरवण्याआधीच करून घ्या, आणि हे काम कुणाकडे दिलंय ते कॉलनीत बोलू नका.