ठोक्याचे नाना

पिकअप बंद पडली की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत नाना टपरीच्या बाकावरून उठलेले असतात. आळेफाट्यासारख्या चौकात असे नाना बारमाही मिळतात. कडक पांढरा पायजमा, खिशात टेस्टर. स्वतःचं गॅरेज कधी काढलेलं नाही, पण तालुक्यातला प्रत्येक मिस्त्री म्हणे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

"सेल्फ लागत नाय? बॅटरी गेली."

"नाना, दिवाळीतच नवी टाकलीय."

"मग अर्थिंग."

पोरगा शहाणा. हेडलाइट लावून किल्ली फिरवतो. एकच 'टक्' येतो, दिवे जसेच्या तसे. 'टकटकटक' होऊन दिवे मिणमिणले असते, तर संशय बॅटरीवर, नाहीतर टर्मिनलवर साचणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या भुकटीवर गेला असता. इथे टर्मिनलं स्वच्छ आहेत. म्हणजे बहुधा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फमधले कार्बन झिजलेत. मीटर लावला तर आणखी खात्री होईल: धडधाकट बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर असते आणि सेल्फ मारताना दहाच्या आसपास टिकते, डिझेल इंजिन फिरवायला शेकडो अँपिअर लागतात, जरा उतरणारच. पण मीटर म्हणजे नानांच्या कानाचा अपमान. बोनेटखाली मान घालून, डोळे मिटून, गवयाने तंबोरा ऐकावा तसा ते तो 'टक्' दोनदा ऐकतात.

"हां. मघाशीच म्हटलं ना, कार्बन!"

म्हटलेलं नसतं. पण जमलेली मंडळी माना डोलावतात.

मग हँडल मारायच्या दिवसांचं पुराण. 1912 च्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर दिला आणि माणसांची मनगटं मोडायची थांबली. नानांना केटरिंग ठाऊक नाही, पण पोरं नाजूक झाली त्याला तोच जबाबदार, असा त्यांच्या बोलण्याचा एकूण रोख.

"पाना आण. सेल्फच्या बॉडीवर हलकेच ठोक." पायजमा पांढरा असल्यामुळे गाडीखाली पोरगा जातो आणि नाना सीटवर बसून किल्ली फिरवतात. "न्यूट्रल आहे ना?" खालून केविलवाणा आवाज येतो. ठण्, ठण् आणि इंजिन धडधडतं!

अडकलेला कार्बन ठोक्याने सरकून कम्युटेटरला टेकला, इतकंच. ठोक्याने सेल्फ लागला म्हणजे तो खोलायची वेळ आली. गर्दीला मात्र दिसतं की नानांनी गाडी चालू केली.

नाना पैसे घेत नाहीत. ओतूरपर्यंत सोबत येतात, पुतणीकडे. "वाशी मार्केटपर्यंत इंजिन बंद करू नको." मागे टोमॅटोचे क्रेट गच्च आणि डिझेलचा काटा तळाला.

पंपावरचा पोरगा म्हणतो, "इंजिन बंद करा." नाना त्याला कार्बनचं शास्त्र समजावतात. तो नोझल हातात धरून नुसता उभा राहतो. शेवटी इंजिन बंद होतं, डिझेल भरलं जातं, किल्ली फिरते. टक्. या वेळी ठोकेही वाया जातात.

नाना चार माणसं गोळा करतात. "दुसरा गिअर टाक, चावी ऑन ठेव, मी म्हणेन तेव्हा क्लच सोड!" चौघं मागून दीड टन टोमॅटो ढकलतात आणि नाना दोन्ही हात पसरून गाडीच्या पुढे चालतात, रस्ता मोकळा करायला.