खलबतखान्याची कडी

राजाने मसलत कोठे करावी याविषयी कौटिल्याने सांगितलेली खबरदारी वाचून आजच्या वाचकास हसू येते. कारण ती जागा बंदिस्त असावी आणि तेथील शब्द बाहेर जाऊ नये, एवढ्यावर न थांबता, पक्ष्यांचीही दृष्टी तेथे पोहोचू नये, पोपट, मैना आणि कुत्री यांनीसुद्धा राजगुह्ये फोडल्याचे ऐकिवात आहे, असे त्या साक्षेपी आचार्याने अर्थशास्त्रात मोठ्या गांभीर्याने नमूद करून ठेवले आहे. परंतु त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नसे त्या इंग्रजांना आपल्या पंतप्रधानासाठी जो खलबतखाना उभारावा लागला, तो पाहिल्यावर आचार्यांच्या मैनेस हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

लंडनमध्ये व्हाइटहॉलच्या कचेऱ्यांखाली जे युद्धकालीन तळघर होते, त्यातील केरसुण्या ठेवण्याची एक कोठी रिकामी करून तेथे चर्चिलसाहेबांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशी बोलण्याचा टेलिफोन बसविण्यात आला, आणि हे रहस्य तळघरातील कारकुनांनाही कळू नये म्हणून दाराला चक्क शौचकूपाची कडी लावण्यात आली. आत कोणी आहे की नाही, हे बाहेरून सांगणारी. त्या तळघरात पाण्याच्या शौचकूपाची सोय नसल्याने, पंतप्रधानांनी स्वतःपुरती ती करून घेतली, असा सर्वांचा समज झाला. आणि साहेब आत गेले की अर्धा अर्धा तास बाहेर का येत नाहीत, याविषयी अदब सांभाळून चिंताही व्यक्त झाली असेल.  

कारकून फसले, जर्मनीचे टपालखाते फसले नाही. अटलांटिकवरून रेडिओने जाणारा आवाज पाच पट्ट्यांत तोडून त्यांची सरमिसळ करणारे जे यंत्र दोस्तांनी अभेद्य मानले होते, ते या खात्याच्या अभियंत्यांनी उलगडले आणि हॉलंडच्या किनाऱ्यावर ठाणे मांडून, दोन महासत्तांचे धनी काय बोलतात हे ते सावकाश ऐकत बसले. टपालखात्याला दुसऱ्यांचा मजकूर इतक्या तत्परतेने पोहोचविता येतो, हे आपल्याकडील वाचकांस खरे वाटणार नाही. पण तो थेट हिटलरपर्यंत पोहोचत असे. मुसोलिनी पदच्युत झाल्यावर चारच दिवसांनी, २९ जुलै १९४३ रोजी, इटलीच्या शस्त्रसंधीविषयी या दोघांचे जे बोलणे झाले तेही असेच तिसऱ्या कानी पडले. या संभाषणांवर लक्ष ठेवून, जीभ घसरताच लाइन तोडण्याचा अधिकार असलेल्या तपासनीस स्त्रिया इंग्रजांनी नेमल्या होत्या. ज्यांना चर्चिलसाहेबांस मध्येच गप्प करता येत असे अशी माणसे त्या साम्राज्यात फार नसावीत.

वस्तुतः नवे यंत्र त्याच महिन्याच्या १५ तारखेस सुरू झाले होते. पण उद्घाटन आणि उपयोग यांमध्ये काही अंतर असावे, ही सरकारी कामाची रीत सर्वत्र सारखीच. सिगसॅली नावाचे हे यंत्र सुमारे ५० टन वजनाचे असल्यामुळे त्या कोठीत मावणे अशक्य होते. म्हणून ते ऑक्सफर्ड रस्त्यावरील सेल्फ्रिजेस या प्रसिद्ध दुकानाच्या तळघरात ठेवून तेथून कोठीपर्यंत तार ओढण्यात आली. आवाजाचे अंक करावयाचे, त्यांत तबकडीवरील निव्वळ खरखर मिसळावयाची, आणि समुद्रापलीकडे त्याच खरखरीची जुळी तबकडी त्याच क्षणी सुरू करून ती वजा करावयाची, की बोलणे निराळे होते. मग दोन्ही तबकड्या नष्ट करावयाच्या. पुढाऱ्यांच्या भाषणांत खरखर मुद्दाम बाहेरून आणून मिसळावी लागत असे, असाही एक काळ होऊन गेला.

पुढे युद्धातील मित्र सोव्हिएत रशिया अमेरिकेचा शत्रू झाला, आणि क्यूबाच्या पेचप्रसंगात रशियाचे नेते ख्रुश्चॉव्ह यांचा खलिता वॉशिंग्टनमध्ये हाती येऊन उलगडेपर्यंत तासन् तास गेल्यामुळे, ३० ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट तार सुरू झाली. चित्रपटांतून दिसणारा लाल टेलिफोन तेथे कधीच नव्हता. होते ते टंकमुद्रक. अमेरिकेने पाठविलेल्या पहिल्या मजकुरात, इंग्रजीची सर्व अक्षरे तपासण्यासाठी, एक चपळ कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारीत होता. म्हणजे आचार्यांनी वर्ज्य केलेले जनावर पहिल्याच दिवशी खलबतखान्यात शिरले. सांकेतिक लिपीच्या किल्ल्या मात्र दोन्ही वैरी आपापल्या वकिलातींमार्फत परस्परांच्या हाती पोचत्या करीत, आणि त्या व्यवस्थेचा एक गाजलेला घात केला तो हेराने नव्हे, तर तार जेथून जात होती त्या फिनलंडमधील एका शेतकऱ्याच्या नांगराने.

वैऱ्यांचा बंदोबस्त असा चोख; मित्रांची तऱ्हा निराळी. स्वित्झर्लंडमधील क्रिप्टो नावाच्या प्रतिष्ठित पेढीकडून शंभराहून अधिक सरकारांनी आपली गुपिते सुरक्षित ठेवणारी यंत्रे रोख पैसे मोजून घेतली, आणि ती पेढी १९७० पासून अमेरिका व पश्चिम जर्मनी यांच्या हेरखात्यांनी गुपचूप विकत घेतलेली होती, हे २०२० साली उजेडात आले. गिऱ्हाइकांत हिंदुस्थान होता, पाकिस्तान होता, आणि जेथे पापे कानात सांगण्याचा प्रघात आहे ते व्हॅटिकनही होते. ज्या दोन शेजाऱ्यांचे एका गोष्टीवर एकमत होत नाही, त्यांचे कुलूप एकाच दुकानचे निघावे आणि तिसरी किल्ली दुकानदाराने ठेवून घ्यावी, इतका निःपक्षपातीपणा संयुक्त राष्ट्रसंघातही आढळत नाही.

जर्मनीने या दुकानातील आपली भागी १९९३ मध्ये सोडली. पुढे वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, चॅन्सेलर मर्केलबाईंचाच मोबाईल अमेरिकन मित्र ऐकत असल्याची वार्ता आली, तेव्हा मित्रामित्रांत ही गोष्ट अजिबात चालणार नाही, असे बाईंनी ठणकावले. कानावर हात ठेवण्याचा हक्क मात्र त्यांच्या हेरखात्यास नव्हता. पुढच्याच वर्षी, त्यानेही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांचे बोलणे अनवधानाने टिपले होते, असे वृत्तपत्रांत छापून आले. अनवधान हा शब्द हेरखात्याच्या दफ्तरात शोभून दिसतो.

मर्केलबाईंच्या मोबाईलची रीतसर चौकशी झाली आणि न्यायालयात टिकेल असा पुरावा नाही म्हणून जून २०१५ मध्ये ती बंद करण्यात आली. लंडनमधील ती कोठी मात्र १९८४ पासून संग्रहालयाचा भाग म्हणून सर्वांस खुली आहे. तिकीट काढावे लागते.