ढेकणांवर पांघरूण

सोलापुरात कुणाच्याच घरात ढेकूण नाहीत. विचारून बघा. "आमच्यात? छे ओ! वरच्या मजल्यावर आहेत म्हणं." वर गेलात की वरचे खाली बोट दाखवतात. अख्खी चाळ पालथी घाला, ढेकूण कायम भिंतीच्या पलीकडं. नाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ. मराठी घरात ढेकूण, तेलुगू घरात नल्ली, कन्नड घरात तिगणे, उर्दू बोलणाऱ्यांकडं खटमल. डास सोडला तर या शहरातल्या चारही भाषांच्या घरांत इतक्या हक्कानं राहणारा दुसरा जीव नाही.

औषध मारणाऱ्याला पहिला प्रश्न औषधाचा नसतो. "दुपारी दोनला या, सगळे झोपलेले असतात. आणि त्या टाकीवरचं नाव झाकून आणा." भाव त्यानंतर. जिन्यात काकूंनी गाठलंच तर उत्तर तयार असतं : "मुंग्या झाल्यात ओ लई." मुंगीला प्रतिष्ठा आहे, घरात साखर आहे असा तिचा अर्थ निघतो. झुरळालाही आहे, किचन ट्रॉली असल्याचा तो दाखला. ढेकूण म्हटलं की मात्र लोक घाण, गरिबी आणि भाड्याची खोली एवढंच डोळ्यांसमोर आणतात. ढेकणाला तुमच्या फरशीशी काही देणंघेणं नाही. त्याला रक्त लागतं आणि लपायला एक फट लागते. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागानं तो येतो, आणि बंगल्यातली माणसंही, माझ्या माहितीप्रमाणे, श्वास घेतात.

तो येतो तो पाहुण्यांच्या बॅगेतून, वसतिगृहातून परतलेल्या पोराच्या वळकटीतून, स्वस्तात मिळालेल्या जुन्या दिवाणातून. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करणारा प्रत्येक पै-पाहुणा सोलापुरात मुक्काम टाकतो. त्यात आपण अतिथीला देव मानणारे. देवाची बॅग झाडून कोण घेणार?

घरातही एकमत नसतं. बायको दंडावर ओळीनं उठलेल्या गांधी दाखवते, नवरा म्हणतो, "मग मला कसे चावत नाहीत?" अहो, चावतात. पाच-दहा मिनिटांत पोटभर पिऊन निघून जातात आणि पुष्कळांच्या अंगावर त्याची काही खूणच उठत नाही. चावा दोघांना, पुरावा एकीच्याच दंडावर. मग "तुला उष्णता झालीय" असं निदान होतं, मलमाची ट्यूब येते, महिना जातो. मादीला तेवढा महिना पुष्कळ झाला. ती आयुष्यात दोनेकशे अंडी घालते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या सभेत उद्धव ठाकरे यांनी राजकीय विरोधकाला ढेकूण म्हटलं आणि ढेकणाला आव्हान द्यायचं नसतं, त्याला अंगठ्यानं चिरडायचं असतं, अशा अर्थाचा उपाय सांगितला. राजकारणाचं ते त्यांचं ते बघतील. ज्यानं घरात ढेकूण पाळलेत, तो मात्र या उपायावर हसेल. अंगठ्याखाली एक जातो. चादरीवर डाग राहतो, बोटाला तो वास राहतो, आणि बाकीचं सगळं घराणं कॉटच्या खाचेत सुखरूप असतं. टाळ्या वाजल्या म्हणून अंडी फुटायची थांबत नाहीत.

पॅरिसला २०२३ साली ढेकणांचा बोभाटा झाला, तेव्हा माथिल्द पानो या खासदारबाई ढेकणांनी भरलेली कुपीच संसदेत घेऊन गेल्या आणि पंतप्रधानांना दाखवली. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं पाच वर्षांचा हिशेब काढला, तर दहातल्या एकाहून जास्त घरांत ढेकूण निघाले. म्हणजे तेवढ्या लोकांनी ते कबूल केलं! आपल्या महापालिकेच्या सभेत कुणी अशी कुपी नेली तर पहिला प्रश्न येईल, "कुठल्या प्रभागातली?" पुढची सभा त्यावरच.

तसा ढेकूण हुशार. तो कुठला रोग पसरवतो असं सिद्ध झालेलं नाही. डासानं हिवताप आणला, डेंग्यू आणला, म्हणून त्याच्यामागं खातं लागलं, धूर लागला. ढेकूण नुसती झोप नेतो, आणि झोप उडाल्याची तक्रार घ्यायला कुठलंही खातं नाही. डासाच्या निमित्तानं मागं एकदा त्यालाही प्रसाद मिळाला होता. १९५३ पासून हिवतापाच्या मोहिमेत घरोघरी भिंतींवर डीडीटी मारली गेली. कीटक मारण्याचा तिचा गुण शोधल्याबद्दल पॉल म्यूलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं. तिला दाद न देणारे ढेकूण पर्ल हार्बरच्या नौदल तळावर १९४७ मध्येच सापडले होते. नोबेल समितीच्या आधी ढेकणांनी निकाल दिला होता.

मग घरगुती उपायांचं युग आलं. रेशनचं रॉकेल खाटेला पाजायचं, हा जुना उपाय. रेशनचं रॉकेल गेलं, ढेकूण राहिले. टिक-२० ची बाटली ढेकणांसाठी होती, पण वर्तमानपत्रात तिचं नाव माणसांच्याच बातमीत यायचं. आणि आता कुणीतरी हळूच सुचवतं, "ज्वारीत टाकायच्या गोळ्या हायत की, खोली बंद करून दोन ठेवा." इथं माझा तिरकसपणा संपतो. त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो फटीतून, जिन्यातून शेजारच्या खोलीत शिरतो. कायद्यानं या गोळ्या खुल्या विक्रीला नाहीत, फक्त परवानाधारकांसाठी आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात इस्तंबूलच्या एका हॉटेलात ढेकणांसाठी औषध मारलं गेलं आणि तिथं उतरलेलं चौघांचं कुटुंब गेलं, आईबाप आणि दोन लेकरं. आधी सगळ्यांना वाटलं, बाहेरचं खाणं बाधलं. तेव्हा गोळ्या सुचवणाऱ्या भावजींना चहा पाजा आणि वाटेला लावा.

खरं औषध सोलापूरकरांच्या डोक्यावरच तापत असतं. मोठा ढेकूण साधारण ४८ अंशांना मरतो, अंड्यांना आणखी चार-सहा अंश जास्त लागतात. आपला मे महिना ४३-४४ वर येऊन थांबतो. सोलापूरकर अर्धा मरतो, ढेकूण चार अंशांनी वाचतो. पण पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. कपडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, थोडे थोडे करून, दिवसभर पत्र्यावर टाका, काम होतं. गादीचं मात्र होत नाही. वरून ती पोळते, आत कापूस थंडच राहतो, आणि ढेकणाला सावलीची बाजू तुमच्याआधी कळते. बाहेरचे जाणकार सांगतात, सगळी पांघरुणं ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. जरूर. ज्या गावात नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथं आधी प्यायचं भरून घेऊ, मग चादरींचं बघू. जगाला चादरी पुरवणाऱ्या गावाची ही गत.

औषध मारायचंच तर भिंतीला भिंत लागून असलेल्या सगळ्या घरांनी एका दिवशी मारावं. ते होत नाही, कारण त्यासाठी आधी जिन्यात उभं राहून मोठ्यानं "आमच्यात झालेत" म्हणावं लागतं. म्हणून एक घर गुपचूप फवारतं, उरलेले ढेकूण शेजारी माहेरपणाला जातात. दोन महिन्यांनी शेजारी गुपचूप फवारतात, मंडळी परत सासरी. दोन्हीकडच्या गृहिणी जिन्यात एकमेकींना सांगतात, "मुंग्या."

पहिल्या फवारणीनंतर आठवडाभर शांतता असते. औषधवाला सांगून गेलेला असतो, अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा मारावं लागेल. त्याचा फोन आला की उत्तर ठरलेलं : "आता एक पण नाही ओ. गरज पडली तर कळवतो." उगीच दुसऱ्यांदा पैसे! त्यापेक्षा नवी गादी घेऊ. मग एका रात्री अकरानंतर, दिवे मालवून, दोघं नवराबायको जुनी गादी खाली उतरवतात आणि कोपऱ्यावर टाकून येतात. सकाळी बघावं तर गादी जाग्यावर नसते. घंटागाडी तर अजून यायचीच असते.