कुंपणापलीकडचा काटेवाला

“अगं, खालच्या आळीतल्या धाकट्यानं कल्याणहून साळिंदराचं पिल्लू आणलंय म्हणे!”

“साळिंदर कसलं, काकू! मी बघून आले ना. ओंजळीत मावेल एवढंसं. हात लावला की गोळा होऊन फुसफुसतं. दिवसभर झोपतं नि रात्री किडे मागतं. हेजहॉग म्हणतात, आफ्रिकेतलं. पैसे किती मोजले, ते त्याची आई सांगत नाही.”

“मग फॉरेस्टची गाडी येणार म्हण की दारात.”

“साळिंदर असतं तर आली असती. माझा भाऊ शहापूरला लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो, त्यानं सांगितलं. साइट्स म्हणून जगभराची एक यादी आहे. २०२२च्या दुरुस्तीत ती आपल्या वन्यजीव कायद्याला जोडली. त्या यादीतलं परदेशी जनावर घरात असलं, की परिवेश पोर्टलवर नोंद करायची. नियम २०२४च्या फेब्रुवारीत निघाले, जुन्या पाळणाऱ्यांना सहा महिने दिले होते. तो राखाडी आफ्रिकन पोपट यादीत आहे, हा काटेवाला नाही.”

“म्हणजे सुटला मेला!”

“सुटतोय कुठला? परदेशातून जिवंत जनावर आणायला सरकारी परवाना लागतो. दुकानदाराकडे तो आहे का विचारलं, तर पोरगा म्हणतो, व्हॉट्सॲपवर बिल येणार आहे. बिलाला काय करायचंय?”

“असले शौक हवेत कशाला? आमचा आपला साधा मिठू.”

“काकू, हळू बोला. हिरवा, गळ्याला गुलाबी पट्टा, तोच ना? तो तर १९७२च्या कायद्यातला. पाळणं म्हणजे सरळ गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड. दुरुस्तीआधी दंड पंचवीस हजारांपर्यंतच होता.”

“अगं बाई! टोकावड्याच्या मामांना झाडाखाली पडलेला सापडला होता, डोळेसुद्धा उघडले नव्हते. मी चमच्यानं भात भरवून वाढवला. पिंजरा म्हशाच्या जत्रेतला. आता सोडून देऊ म्हणतेस?”

“एकदम सोडू नका, त्याला रानात खायला शोधता येणार नाही. वनखात्याचा १९२६ नंबर आहे, तिथं विचारा. पाळायची हौसच असेल तर बजरी आणा, त्याला कोणी काही म्हणत नाही.”

“बजरी बोलते का?”

“मिठूएवढी नाही.”

“मग राहू दे. पिंजरा मागच्या पडवीत नेते. तू कुठं बोलू नकोस हं.”

“मी नाही बोलणार, काकू. पण तुमचा मिठू पहाटे पाचला एसटीच्या कंडक्टरसारखा ‘कल्याण, कल्याण’ ओरडतो, त्याचं काय करायचं?”